बिनडागाची कातरण

मंजूने डागावर पुन्हा चिमूटभर पीठ टाकलं, अंगठ्याने दाबून धरलं आणि मनातल्या मनात नवकार मंत्र म्हटला. पीठ झटकलं, तर डाग होता तिथेच. उलट तेल जरा पसरलंच होतं. कैरीच्या लोणच्याचं तेल आणि त्यात हळद! असला डाग लुगड्याला पडला तर लुगडं फाटेपर्यंत साथ सोडत नाही, तिथे कागदाच्या पत्त्याची काय कथा?

पत्ता म्हणजे खेळायचा पत्ता नव्हे. सिगारेटच्या पाकिटातून निघणारं विलायती क्रिकेटवाल्याचं चित्र. काडेपेटीहून थोडं मोठं, चारी बाजूंनी पांढरी किनार, मध्ये बॅट धरून उभा असलेला गोरा माणूस आणि त्याच्या मागे हिरवंगार मैदान. पाठीवर नंबर. असे पन्नास पत्ते जमले की संच पुरा. मंजूच्या नवऱ्याने, शांतीलालने, चार वर्षं खपून तो पुरा केला होता.

गंमत अशी की, शांतीलालने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. जैनाचं घर. सूर्य मावळल्यावर जिथे पाण्याचा घोट घेत नाहीत, तिथे सिगारेट कुठली! तो स्टेशनवरच्या हमालांना, साहेबलोकांच्या क्लबातल्या खानसाम्याला, आग्रा रोडवरच्या मोटारड्रायव्हरांना सुपारीच्या पुड्या द्यायचा आणि पत्ते मिळवायचा. धुळ्याच्या त्या गल्लीत लोक म्हणायचे, "आमचा शांतीशेठ धूर न काढता पाकिटं संपवतो बुवा!" शांतीलालला ते आवडायचं. लोकांनी आपल्याबद्दल बोललेलं त्याला सगळंच आवडायचं.

उन्हाळ्यात पत्त्यांना कसर लागू नये म्हणून ते वरच्या खोलीत चटईवर पसरायचे, वारा द्यायचा. हे काम मंजूचं. आणि खोटं कशाला सांगा, तिला ते जिवापाड आवडायचं. खाली कापडाचं दुकान, वर घर, खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत. लग्न होऊन बोदवडहून आली, त्याला पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत तिने धुळे पाहिलं ते सासूच्या मागोमाग साधूंच्या प्रवचनाला स्थानकात जाता-येता, हनुवटीपर्यंत ओढलेल्या घुंघटाच्या कापडातून. एवढं मोकळं गवत, एवढं आभाळ तिला फक्त त्या पन्नास पत्त्यांतच दिसायचं. पत्ते मांडताना ती माणसांकडे पाहायचीच नाही. त्यांच्या मागे पाहायची.

आज खाली लोणच्याची बरणी भरणं चाललं होतं. एकाएकी वारा सुटला, वर पत्ते उडाल्याचा आवाज झाला, आणि ती हात नुसते पदराला पुसून धावली. पुसले, धुतले नाहीत. एकतीस नंबरच्या पांढऱ्या किनारीवर तिचा अंगठा उमटला, पिवळाजर्द.

दुसरी वेळ असती तर ती नवऱ्यापुढे पत्ता ठेवून मोकळी झाली असती. रागावला असता, दोन दिवस फुगला असता, झालं. पण या संचावर आता नुसती हौस टांगलेली नव्हती. तिची सुटका टांगलेली होती.

मुंबईत खेळाच्या सामानाचं दुकान असलेले पेस्तनजी दरसाल खानदेशात यायचे, शाळांना बॅटी-चेंडू विकायचे, पायजम्यांचं कापड बघायला भिकमचंदच्या, म्हणजे मंजूच्या सासऱ्याच्या, दुकानात टेकायचे. गेल्या वर्षी त्यांनी शांतीलालचे पत्ते पाहिले आणि हरखून गेले. जाताना म्हणाले होते, "दीकरा, संच पुरा कर. कापाकापी नको, लबाडी नको. मला दुकानाच्या काचेत लावायचाय. आणि काय सांगू, मला माणूस पाहिजे. जो चार वर्षं असे कागद सांभाळतो, तो माझं दुकानपण सांभाळेल. वर खोली आहे. बायकोला घेऊन ये."

पडद्याआड उभ्या असलेल्या मंजूने त्यातलं एकच वाक्य उचललं. वर खोली आहे. तेवढं तिने पदराच्या गाठीत बांधून ठेवलं आणि वर्षभर ती गाठ चाचपत राहिली.

"खोलीला खिडकी आहे?" तिने नवऱ्याला विचारलं होतं.

"एक नाही, दोन. एक समुद्राकडे."

"तुम्ही पाहिली?"

"पाहायला कशाला लागते? मुंबईच ती."

सासू वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. भंवरीबाईने कधी हात उगारला नाही की उपाशी ठेवलं नाही. पण घरात मूल नाही म्हणून रोज कोणीतरी येऊन एक उपाय सांगून जायचं, आणि तो उपाय मंजूला घुंघटातून ऐकावा लागायचा. सासऱ्यासमोर सुनेने बोलायचं नाही, त्यांच्यासमोर नवऱ्याशीही बोलायचं नाही, हसू आलं तर गिळायचं. त्या मुंबईच्या खोलीत कोण असणार होतं? चूल तिची, पाणी तिचं. डोक्यावरचा पदर खाली पडला तर पडला.

पेस्तनजी शनिवारी येणार होते. मंजूने ब्लाउज शिवायची कात्री काढली.

डाग किनारीतच होता, चित्रापर्यंत गेला नव्हता. तिने श्वास रोखला आणि दोऱ्याएवढी पट्टी उतरवली. डाग गेला. पण आता एका बाजूची किनार बारीक आणि दुसरीकडची रुंद दिसायला लागली. म्हणून मग दुसऱ्या बाजूनेही तेवढंच कातरलं. आता पत्ता कसा नवाकोरा दिसत होता!

"वहिनी, हाई काय करी राहिन्यात?"

दारात भिकुबाई उभी होती, घरकामाची. हातात लोणच्याच्या बरणीचं फडकं.

"काही नाही गं. दोरा कापत होते."

भिकुबाईने कात्रीकडे पाहिलं, चटईकडे पाहिलं.

"माले काय करनं शे? मी काहीच देखं नही," ती म्हणाली आणि फडकं झटकत जिना उतरली.

मंजूने पन्नास पत्ते एकावर एक रचले, जमिनीवर ठोकून सारखे केले आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट सरळ गेलं आणि मध्येच एका जागी किंचित आत बुडलं. एकदा वाटलं, सगळेच तेवढे कातरून टाकावेत, म्हणजे उंच-बुटका कळणारच नाही. पण एकच पत्ता कातरायला एवढा वेळ गेला होता, पन्नास कोण कातरणार? तिने पुन:पुन्हा बोट फिरवून पाहिलं. वर, खाली, दोन्ही बाजूंनी. बाकीचे एकोणपन्नास भिंतीसारखे सरळ होते. फक्त तिचा तो एक खाली. डोळ्याला दिसत नव्हतं. बोटालाच काय ते कळत होतं. पेस्तनजी काय बोट फिरवत बसणार आहेत, असं तिने स्वत:ला समजावलं, पत्ते डब्यात भरले आणि पिवळी कातरण खाली नेऊन चुलीत टाकली.

रात्रीच्या नव्हे, त्या घरातल्या सूर्यास्ताआधीच्या जेवणाला बापलेक पाटावर बसले. मंजू स्वयंपाकघराच्या दाराआड फुलके शेकत होती. भिकमचंद सहसा जेवताना बोलत नसत. आज बोलले.

"बाजारात जो तो सांगतो, शांतीलाल मुंबईला चालला. पानवाल्याला माहीत, न्हाव्याला माहीत. बापालाच काय ते माहीत नव्हतं."

शांतीलालने फुलक्याचा तुकडा मोडला.

"जा. मी अडवत नाही," भिकमचंद म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पेस्तनजी भला माणूस आहे. पण एक ऐकून ठेव. दुकानाच्या या गादीवरून उठलास की उठलास. पुन्हा आलास तर पाहुणा म्हणून ये. जेव आणि जा. गादी मग तुझ्या काकाच्या पोरांची."

"हो, बापूजी."

भंवरीबाईने डोळ्यांना पदर लावला. मंजूने दाराआड तोंडात पदर कोंबला, पण तो रडू आवरायला नव्हे. जा म्हणाले! अडवत नाही म्हणाले! तव्यावरचा फुलका करपून गेला तरी तिला कळलं नाही. पुढचं तिने ऐकलं होतं, नाही असं नाही. पण कानावर पडणं वेगळं आणि मनात शिरणं वेगळं. शांतीलालच्या ताटात मात्र फुलका अर्धा तसाच राहिला.

त्या दिवसापासून त्याचं अन्न तुटलं. मंजूला वाटलं, संचाची काळजी. तिलाही तीच काळजी होती, त्यामुळे दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"मुंबईचं पाणी तुला मानवेल?" एका संध्याकाळी खोलीत त्याने विचारलं.

"मानवेल."

"तिथं आपल्या ओळखीचं कोणी नाही. दुखलं-खुपलं तर..."

"तुम्ही आहात ना."

शांतीलालने तिच्याकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण उघडलं, पत्ते काढले, पुन्हा ठेवले.

"हो," तो म्हणाला. "मी आहे." आणि जरा वेळाने, "यांना हात-बित लागला नाही ना कशाचा?"

आत्ता सांगावं, असं मंजूला वाटलं. शब्द अगदी ओठापर्यंत आले. पण खालून भंवरीबाईच्या बांगड्या वाजल्या, शेजाऱ्याची भिंत खिडकीत तशीच उभी होती, आणि ती म्हणाली, "वारा दिला फक्त."

"छान ठेवलेस," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी शांतीलाल आरशासमोर दाढी करत होता आणि हनुवटी कापून घेतली. बरीच कापली. भंवरीबाई तुरटीचा खडा घेऊन धावली.

"अरे, काय हे! आज पाहुणे येणार आणि तू असा!"

"वस्तऱ्याची धार गेलीय."

"बुधवारी तर लावून आणलीस."

शांतीलाल तुरटी हनुवटीवर दाबून बसला.

पेस्तनजी दुपारी आले. घामाघूम, डोक्यावर उंच टोपी, हातात दोंडाईच्याच्या शाळेसाठी बांधलेल्या बॅटी. वरच्या बैठकीत गादी घातली होती. शेजारचे दोघे-तिघे व्यापारीही बसले होते, कारण शांतीलालने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. मंजू पडद्याआड उभी राहिली.

पेस्तनजींनी ताकाचा पेला बाजूला ठेवला, हात रुमालाला नीट पुसले आणि पत्ते घेतले. एकेक पाहत गेले. "वाह! हा तर मला मिळतच नव्हता. वाह रे वाह!" एकतीस नंबर आला आणि गेला. मंजूच्या जिवात जीव आला. पन्नास पुरे झाले. झालं, घोडं गंगेत न्हालं!

मग म्हाताऱ्याने पत्ते एकत्र केले, पाटावर ठोकले आणि अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. अगदी सवयीने, कोणी कापडाचा पोत बघावा तसं.

नख थांबलं. त्यांनी एक पत्ता ओढून बाहेर काढला. मंजूने पडदा मुठीत धरला. नख पुढे सरकलं आणि पुन्हा थांबलं. आणखी एक पत्ता बाहेर आला.

दोन्ही पत्ते त्यांनी तिसऱ्या एका पत्त्यावर ठेवून पाहिले.

"शांतीलाल," पेस्तनजी म्हणाले, "हे दोन कापलेत. हा एकतीस. आणि हा आठ."

आठ? मंजू पडद्याआड नुसती बघत राहिली. आठ नंबरचा माणूस तिला पाठ होता. मिशीवाला, त्याच्या मागे लांबवर झाडांची रांग. त्याला तिने कात्री लावली नव्हती.

शांतीलालने आधी आठ नंबरकडे पाहिलं, मग एकतीसकडे. एकतीसकडे जरा जास्त वेळ. मग मान खाली घालून म्हणाला, "दोन्ही मीच कापले, पेस्तनजीशेठ. कडा खराब झाल्या होत्या. मोह झाला. चूक झाली."

"अरे दीकरा!" म्हातारा खरोखरच कळवळला. "डाग असता तर मी हसून सोडून दिला असता. डाग कोणाच्या हातून पडत नाही? माझ्या घरच्या संचाला चहाचे डाग आहेत. पण जो डाग कापून टाकतो आणि गिऱ्हाइकाला नवा माल म्हणून दाखवतो, त्याच्या हातात दुकान कसं देऊ? तूच सांग."

जिने सांगायला हवं होतं ती पडद्याआड होती. आणि ती सासऱ्यासमोर, चार परक्या माणसांसमोर, तोंड उघडू शकत नव्हती. तो पिवळा अंगठा माझा, एकतीस मी कापला, हे वाक्य मंजूच्या गळ्यापर्यंत आलं आणि घुंघटाला अडून परत गेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

पेस्तनजींनी ताक संपवलं, सगळ्यांना रामराम केला आणि बॅटी घेऊन जिना उतरले.

भिकमचंदांनी शेजारच्या लोडावर थाप मारली. "बैस इकडे," ते म्हणाले. "चार लोकांत कबूल केलंस. एवढं पुरे."

शांतीलाल गादीवर बसला.

त्या दुपारी त्याने पाच फुलके खाल्ले, वर भात मागून घेतला. भंवरीबाई वाढता वाढता म्हणत होती, "खरं बोलला माझा मुलगा. गेली मुंबई तर गेली. नाव राखलं." मंजू दाराआड फुलके लाटत होती आणि टपटप रडत होती. मुंबई गेली म्हणून रडत होती, आणि आपला गुन्हा त्याने स्वत:च्या डोक्यावर घेतला म्हणूनही रडत होती. एका शब्दाने विचारलं नाही, एका नजरेने बोट दाखवलं नाही. असा नवरा मिळायला पुण्याई लागते, असं तिला त्या घटकेला मनापासून वाटलं. वर गेल्यावर त्याचे पाय धरायचे, असं तिने ठरवलं.

वर गेली तेव्हा तो खाली दुकानात होता. खोलीभर सकाळचा पसारा. आरसा, साबणाची वाटी, रक्ताचा डाग पडलेला रुमाल. तिने वस्तरा पुसला आणि त्याच्या लांबट पेटीत ठेवायला गेली. पेटीच्या तळाच्या मखमलीला काहीतरी चिकटलं होतं.

तिने नखाने उचललं. कागदाची पट्टी, दोऱ्याएवढी बारीक. खाली आणखी एक. दोन बाजूंच्या दोन.

तिची कातरण चुलीत गेली होती. ती पिवळी होती. ही पांढरी होती.

मंजू खिडकीशी गेली, भिंतीवरून येणाऱ्या उजेडात पट्ट्या धरल्या, उलटून पाहिल्या. डाग नाही. दुमड नाही. कसरीने खाल्लेलं नाही, कोपरा झिजलेला नाही. काही म्हणजे काहीच नाही. तिच्या बोटाला तर आधीच माहीत होतं. त्या दिवशी एकोणपन्नास पत्ते भिंतीसारखे सरळ होते, आठ नंबर त्यांतलाच. वस्तऱ्याची धार बुधवारी लावली होती आणि शनिवारी गेली होती. आणि बापाच्या 'जा'नंतरचं, 'गादीवरून उठलास की उठलास' हे जे वाक्य तिने नुसतं कानावर पडू दिलं होतं, ते आता, इतक्या दिवसांनी, मनात शिरलं.

ती चटईवर बसली. तिला आधी रागही आला नाही. आधी एवढंच वाटलं, की त्या संध्याकाळी आपण एकतीस नंबरचं सांगितलं असतं, तर बिचाऱ्याला वस्तरा काढायची गरजच पडली नसती. मग राग आला. असा आला, की तिने ओठ चावून धरला.

जिन्यावर पावलं वाजली. शांतीलाल आत आला. चेहरा उतरवून आला होता, पण पोट भरलेला माणूस चेहरा किती उतरवणार?

"नशीबच आडवं आलं," तो म्हणाला. "नाहीतर आपण गेलोच होतो."

मंजूने त्याच्याकडे पाठ करून पट्ट्या पेटीत ठेवल्या.

"एकतीसचं मी तुला विचारलं नाही, बघ." आवाज मऊ होता, मोठ्या मनाचा होता. "आणि विचारणारही नाही. कधीच नाही."

त्यातली खूण तिला बरोबर कळली. तू विचारू नकोस, मी विचारत नाही. विचारायला तोंड उघडावं, तर आधी आपल्या कात्रीपासून सुरुवात करावी लागणार. त्याने सगळ्या गल्लीसमोर जो गुन्हा पोटात घातला होता, त्याच्या खाली ती जन्माची दबली होती. उद्या कोणाला सांगायला जावं, तर लोक तिच्याच तोंडात शेण घालतील.

तिने वस्तऱ्याची पेटी उचलली आणि त्याच्यासमोर उघडी ठेवली. मखमलीवर दोन पांढऱ्या पट्ट्या शेजारी शेजारी, नीट मांडलेल्या.

"वस्तऱ्याला धार लावून आणा," ती म्हणाली. "बोथट झालाय."

शांतीलालने पेटीत पाहिलं. त्याचा हात हनुवटीवरच्या कापलेल्या जागी गेला आणि तिथेच राहिला.

"मंजू..."

"बिंदणी!" खालून भंवरीबाईची हाक आली. "अगं, दिवस कलायला आला. चूल कधी पेटवायची?"

"आले, माँजी."

खोलीत, चार भिंतींच्या आत, नवऱ्यासमोर घुंघट घ्यायची त्यांच्यात रीत नव्हती. पाच वर्षांत तिने कधी घेतला नव्हता. तिने उठून दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, हनुवटीच्या खाली आणला, आणि मग ती त्याच्या समोरून जिन्याकडे गेली.